पेठेतल्या जुन्या घराचा इतिहास : सुरुवातीला तिथे कोण राहत होते, हे शोधायचे कसे?

परसदार

सदाशिव पेठेत (पुणे) आतल्या बोळात एक पाच खणांचे, एकमजली घर आहे. काळ्या दगडाचे जोते, वर भेंड्यांच्या (मातीच्या कच्च्या ठोकळ्यांच्या) जाड भिंती, कडीपाटाचा (लाकडी कड्या आणि त्यांवर फळ्या असा) माळा, मंगलोरी कौले. मागे छोटे परसू आणि बुजवलेला आड. वाडा म्हणावा एवढा पसारा नाही. हाताशी असलेला सगळ्यात जुना कागद १९३४ च्या नोंदणीकृत खरेदीखताचा. आळीत सगळे त्याला 'पेशवेकालीन' म्हणतात.

घर पुनर्विकासात जाणार आहे. त्याआधी त्याचा इतिहास नीट लिहून ठेवायचा आहे. सरदारांच्या वाड्यांवर भरपूर लिहिले गेले, पण पेठा भरल्या त्या अशा घरांनी, आणि त्यांच्याबद्दल काहीच नाही. प्रश्न दोन आहेत: घर कधी बांधले? आणि सुरुवातीला तिथे कोण राहत होते? कुठून सुरुवात करावी?

फेरफार

नगर भूमापन कार्यालयातून सुरुवात करा. मिळकत पत्रिका ऑनलाइन मिळते, पण तेवढ्यावर थांबू नका. त्या सि.स. (सिटी सर्व्हे) नंबरची चौकशी नोंदवही, सनदेची प्रत आणि जुन्या शीटचा नकाशा, तिन्ही मागा. पत्रिकेवर फक्त निकाल असतो. कोणी हक्क सांगितला, कोणता कागद दाखवला, शेजाऱ्याने हरकत घेतली का, हे चौकशी नोंदवहीत सापडते. १९३४ च्या आधीच्या खताचा उल्लेख मिळाला तर तिथेच मिळेल.

दोन ठिकाणी हमखास घोळ होतो. पत्रिकेवरचा 'मूळ धारक' म्हणजे घर बांधणारा नव्हे. चौकशीच्या वेळी ज्याचा हक्क मान्य झाला, तो मूळ धारक. त्याच्या आधी चार मालक होऊन गेलेले असू शकतात. दुसरे, क्षेत्रफळ. जुन्या नोंदी चौरस वारात आहेत, नव्या चौरस मीटरमध्ये. १ चौ. वार म्हणजे ०.८३६ चौ. मी. दोन काळातले आकडे या हिशेबाने जुळले नाहीत तर मधे पोटविभागणी, एकत्रीकरण किंवा रस्तारुंदी झाली आहे असे समजा आणि ती नोंद शोधा.

आळीकर

'पेशवेकालीन' हा शब्द पुण्यात फार सढळ हाताने वापरला जातो. सदाशिव पेठ हे नाव सदाशिवरावभाऊंच्या स्मरणार्थ माधवराव पेशव्यांनी दिले. म्हणजे ज्या कागदात पेठेचे हे नाव आहे तो १७६१ नंतरचाच. त्याहून जुना कागद असेल तर त्यात दुसरेच नाव असणार.

बाकी पेठांतल्या लोकांनीही हे ध्यानात ठेवावे. शुक्रवार म्हणजे विसापूर, सोमवार म्हणजे शहापूर, शनिवार म्हणजे मुर्तझाबाद, रविवार म्हणजे मलकापूर. गुरुवार पेठेचे जुने नाव वेताळ पेठ, नाना पेठेचे हनुमान पेठ, रास्ता पेठेचे शिवपुरी. आजच्या नावाने शोधले आणि काही मिळाले नाही म्हणून लोक नाद सोडतात.

सूची_दोन

परसदार, तुमचे १९३४ चे खत पुन्हा वाचा, पण या वेळी किमतीचा आकडा सोडून बाकी सगळे. 'सदर मिळकत आम्हांस अमक्याकडून अमक्या तारखेच्या दस्ताने मिळाली' असे वाक्य बहुतेक खतांत असते. त्यावरून मागचा दस्त काढायचा, त्यातल्या तशाच वाक्यावरून त्याच्या मागचा.

दुय्यम निबंधक कार्यालयात सूची १ माणसांच्या नावावर चालते आणि सूची २ मिळकतीवर. दोन्ही कोणालाही पाहता येतात, स्थावर मिळकतीच्या पुस्तक १ मधल्या दस्ताची नक्कलही मिळते. मृत्युपत्रे पुस्तक ३ मध्ये असतात आणि तिथे मात्र करणाऱ्याच्या हयातीत इतरांना नक्कल मिळत नाही. ऑनलाइन शोध अलीकडच्या दस्तांपुरता. १९३४ च्या मागे जायचे तर अर्ज, शोध फी आणि हाताने पाने उलटणे. फी वर्षागणिक लागते, म्हणून आधी वर्षांचा पट्टा आवळून घ्या.

साखळी तुटते ती तीन कारणांनी. १०० रुपयांखालच्या विक्रीला नोंदणी सक्तीची नव्हती, आणि लहान घरांच्या बाबतीत हे बऱ्याचदा लागू पडते. वारसाने आलेल्या घराचा दस्तच नसतो. आणि तोंडी वाटणी झाली असेल तर तिचा पत्ता फक्त पुढच्या एखाद्या खताच्या मजकुरात लागतो.

मोडीवाचक

सूची_दोन यांच्या प्रतिसादाला पुरवणी. खताचे नाव 'मुदत खरेदी' असेल तर सावध. वाचायला ती विक्री वाटते, व्यवहार कर्जाचा असतो. मुदतीत पैसे फेडले की घर परत. अशा खतावरून 'अमक्या साली घर विकले, नवे कुटुंब राहायला आले' असे लिहिलेले घराण्यांचे इतिहास आहेत, आणि ते कुटुंब त्या घरात एक दिवसही राहिलेले नसते. पुढच्या पाच-दहा वर्षांत फेड किंवा परत खरेदीचा दस्त आहे का ते आधी बघा.

स्टँपपेपरची पाठही बघा. विक्रेत्याचा शेरा, विक्रीची तारीख आणि घेणाऱ्याचे नाव तिथे असते. कधी कधी घेणारा तिसराच माणूस निघतो, आणि पैसा कोणाचा होता ते कळते.

कडीपाट

कागद होत राहतील. घर पाडायचे आहे तर आधी घर वाचा, ते परत मिळणार नाही.

टेप घेऊन प्रत्येक भिंतीची जाडी मोजा, दाराच्या चौकटीत मोजणे सोपे. भेंड्यांची मूळ भिंत दीड ते दोन फूट भरते. मधेच ९ इंच किंवा ४॥ इंच निघाली तर ती विटांची, नंतरची. जिथे दोन भिंती एकमेकींत दात न अडकवता नुसत्या टेकलेल्या आहेत, उभी सरळ भेग दिसते, तिथे घर वाढवले आहे. जोत्याचा दगडही बघा. पुढच्या भागात घडीव आणि मागे अनघड असेल तर मागची खोली नंतरची असण्याची शक्यता मोठी.

मग माळ्यावर जा. तुळयांवर वाकसाने तासल्याच्या आडव्या, उथळ खुणा असतील तर लाकूड हाताने घडवलेले. अर्धगोल, एकसारख्या रेषा म्हणजे यंत्राच्या गोल करवतीचे. खिळे चौकोनी अंगाचे, डोके ठोकून केलेले असतील तर लोहाराचे. गोल तारेचे म्हणजे नंतरचे. कडीपाटात कुठे लोखंडी गर्डर असेल तर त्याच्या अंगावर कारखान्याचे नाव उठवलेले असते. टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून तिरपा धरा, अक्षरे उठून दिसतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचे: तुळईवर रिकाम्या खाचा दिसल्या, ज्यात काहीच बसलेले नाही, तर ती तुळई दुसऱ्या घरातून आणली आहे. सागवान इतके महाग की जुन्या घराचे लाकूड सर्रास पुन्हा वापरत. मग लाकडाचे वय आणि घराचे वय वेगळे.

कौलारू

मंगलोरी कौले असली तर वाद कशाला? बासेल मिशनचा मंगळूरचा कारखाना १८६५ चा. म्हणजे घर त्यानंतरचे. पेशवाई १८१८ ला संपली. विषय मिटला.

कडीपाट

@कौलारू, नाही मिटला. कौले छपराची तारीख सांगतात, घराची नाही. थापी कौले दरवर्षी पावसाआधी शाकारावी लागत, माकडांनी आणि मांजरांनी फुटत. त्यामुळे मंगलोरी आल्यावर लोकांनी जुन्या घरांवर ती चढवली. तपासायचे तर वासे बघा. थापी कौलांखाली चढ वेगळा, वासे दाट आणि वर बांबू-कामट्यांचा थर. मंगलोरीला ठरावीक अंतरावर रिपा (आडव्या लाकडी पट्ट्या) लागतात. जुन्या वाशांवर नव्या रिपा ठोकल्या असतील किंवा बाजूच्या भिंतीवर जुन्या उताराची तिरपी रेघ गिलाव्यात उमटली असेल तर छप्पर बदलले आहे. दोन-चार कौले उलटी करून छाप जरूर टिपा. एकाच छपरावर तीन कारखान्यांचे छाप म्हणजे वेळोवेळची डागडुजी.

कौलारू

मान्य. पण मग तुमच्या पद्धतीने 'याच्या आधीचे नाही' एवढेच कळते, 'याच सालचे' असे कधीच नाही.

कडीपाट

बरोबर, आणि तसेच लिहायचे असते.

चुनखडी

विषयांतर आहे, पण घर अजून उभे आहे म्हणून सांगतो. पाडेपर्यंत भिंतींना सिमेंटचा गिलावा करू नका. भेंड्यांची भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि अंगातून बाहेर सोडते. सिमेंटने तोंड बंद केले की ओल वर चढत जाते, लोणा लागतो, आणि आतून मातीचा भुगा होतो. बाहेरून भिंत ठणठणीत दिसते आणि एका पावसात फुगून बसते. चुना-वाळूचा गिलावा, त्यात गूळ आणि हिरड्याचे पाणी, हीच जुनी रीत, आणि तिला कारण आहे.

स्वातीनक्षत्र

पुनर्विकासाला निघालेल्या घराला गुळाचा गिलावा! मुंग्यांची तरी सोय होईल. :)

चुनखडी

मुंग्या नाही लागत, गूळ चुन्यात मुरतो. :) आणि मूळ विषयाला उपयोगाचे एक: रंगाच्या थरांतही इतिहास असतो. दाराआड, जिथे हात लागत नाही अशा जागी २ इंच बाय २ इंच चौकोन धारदार पात्याने थराथराने खरवडा. वर ऑइलपेंट, खाली डिस्टेंपर, त्याखाली निळीचा चुना, त्याखाली पांढरा चुना, मग माती. माजघरात बारा थर आणि मागच्या खोलीत चारच, तर ती खोली उशिराची. जुने थर काजळीने काळे असतील तर तिथे चूल होती.

गिरगावकर

मुंबईत असेच शोधायचे तर? खोताच्या वाडीतली लाकडी बंगलेवजा घरे डोळ्यांसमोर आहेत. तिथे सि.स. नंबरने काही हाती लागत नाही.

फेरफार

मुंबई शहरात पद्धत वेगळी. तिथे कॅडस्ट्रल सर्व्हे नंबर, त्याच्या मागे कलेक्टरचे जुने-नवे नंबर आणि लॉटनच्या १८६५-७२ च्या मोजणीचे नंबर. आधी या सगळ्यांचा मेळ घालावा लागतो. वाडीचे नाव वामन हरी खोत यांच्यावरून, म्हणजे जमीन एका घराण्याकडे आणि त्यावर घरे बांधून राहणारी कुटुंबे वेगळी. जमिनीच्या कागदात घरवाले दिसणार नाहीत. ईस्ट इंडियन (मुंबईतल्या मूळच्या ख्रिस्ती) कुटुंबांसाठी चर्चच्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदवह्या बघा.

मांडवीकाठ

गोव्यातही तोच फरक. पोर्तुगीज काळातल्या नोंदणीत 'डिस्क्रिप्शन'मध्ये मिळकतीचे वर्णन आणि चतुःसीमा, 'इन्स्क्रिप्शन'मध्ये हक्क कोणाचा. 'मात्रीज' म्हणजे कराची नोंद, मालकीचा पुरावा नव्हे. पणजीत फोंताइन्यासमधल्या घरांचा शोध घेणारे बरेचजण मात्रीजवरच थांबतात.

भाडेपावती

इतके सगळे बोलले, पण परसदारांचा दुसरा प्रश्न तसाच राहिला. सुरुवातीला *राहत कोण होते*? वरचे सगळे कागद मालकाचे आहेत.

भिडेवाडा घ्या. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली ती बुधवार पेठेतल्या त्या वाड्यात. मिळकतीच्या कागदांत नाव भिड्यांचे. तिथे शिकणाऱ्या मुली, शिकवणाऱ्या सावित्रीबाई, त्या कागदांत कुठेच नाहीत. त्यांचा पत्ता शाळेच्या अहवालांत आणि पत्रांत. २०२३ च्या डिसेंबरात वाडा पाडला तेव्हा जे गेले ते मालकीच्या कागदामुळे मोलाचे नव्हते.

लहान घरांत भाडेकरूंच्या दोन-तीन पिढ्या राहून गेलेल्या असतात. त्यांच्यासाठी महापालिकेची करआकारणी नोंदवही बघा. पुण्यात नगरपालिका १८५७ ची, महापालिका १९५० ची. नोंदवहीत मालक आणि भोगवटादार (प्रत्यक्ष राहणारा) असे दोन वेगळे रकाने असतात, लोक पहिलाच उतरवून येतात. भोगवटादाराचा रकाना दर काही वर्षांनी बघत गेलात की रहिवाशांची यादी आपोआप तयार होते. जोडीला जुन्या मतदारयाद्या, शाळांची जनरल रजिस्टरे आणि कोर्टातले भाड्याचे दावे. दाव्यातल्या कैफियतीत (प्रतिवादीच्या लेखी उत्तरात) 'आमचे वडील अमुक सालापासून राहत आहेत' असे वाक्य असतेच.

आळीकर

भाडेपावती यांना शंभर टक्के अनुमोदन. फक्त एक अडचण सांगतो. पेठेतला 'घर नंबर' आणि सि.स. नंबर हे दोन वेगळे प्राणी आहेत, आणि घर नंबरही मधे बदलले. १९२० च्या पत्त्यातला नंबर आजच्या दारावर शोधाल तर भलत्याच घराचा इतिहास लिहाल. त्याच वर्षाचा घर नंबर आणि चतुःसीमा दोन्ही असलेला एक तरी कागद मिळवा, तोच दुवा.

परसदार

सगळ्यांचे मनापासून आभार. चौकशी नोंदवहीत एक जुना मोडी कागद पुराव्यादाखल नोंदवला आहे, आणि त्याची नक्कल घरातल्या ट्रंकेत निघाली. बालबोधात (देवनागरीत) कोणीतरी पेन्सिलीने लिहिले आहे: 'सन अर्बा समानीन मया व अलफ'. पुढे 'छ' आणि एक आकडा, मग 'साबान'. याचे इसवी सन काय? आणि कागदात 'घर खण ३' आहे, आज तर पाच खण आहेत.

मोडीवाचक

हा सुहूर सन, पेशवाईच्या कागदांत वापरली जाणारी कालगणना. एककापासून वाचायचा: अर्बा ४, समानीन ८०, मया १००, अलफ १०००. म्हणजे ११८४. सुहूर वर्ष मृगाला, जूनच्या आसपास सुरू होते. म्हणून त्या वेळेपासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. तुमचा कागद १७८३-८४ मधला. 'छ' म्हणजे चंद्र, पुढचा आकडा मुसलमानी महिन्याचा दिवस. साबान म्हणजे शाबान. त्या दिवसाची तारीख जंत्रीत बघून पक्की करा.

रीत तपासायची असेल तर पानिपतावर तपासा. लढाई १४ जानेवारी १७६१ ची, सुहूर सन इहिदे सितैन मया व अलफ, म्हणजे ११६१. जानेवारी म्हणून ६०० मिळवा, १७६१ आले. शके १६८२, पौष शुद्ध ८. शकात एरवी ७८ मिळवतात, पण जानेवारी ते चैत्रापर्यंत ७९. हा एक वर्षाचा फरक छापील पुस्तकांतसुद्धा चुकलेला असतो. फसली (महसुली) सन असेल तर दख्खनमध्ये ५९०-५९१ मिळवायचे.

पेन्सिलीच्या वाचनावर मात्र विसंबू नका. मोडीत शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घ नसते, आणि 'समान' (८) व 'समानीन' (८०) यांत घाईच्या हाताने गल्लत होते. मूळ कागदाचा सरळ वरून, सावली न पडू देता फोटो काढा आणि दोन वेगळ्या वाचकांना दाखवा, एकमेकांचे वाचन न सांगता.

कडीपाट

तीन खणांचे उत्तर घरातच आहे. खण म्हणजे दोन तुळयांमधला गाळा, त्याचे फूट ठरलेले नाहीत, लाकडाच्या लांबीवर अवलंबून. सगळ्या खांबांची अंतरे मोजा. तीन खणांचे अंतर सारखे आणि उरलेल्या दोनांचे वेगळे निघाले, किंवा त्या दोनांच्या खांबांचे तळखडे (खांबाखालचे दगड) वेगळ्या घडणीचे निघाले, तर मूळ घर कुठे संपत होते तेही कळेल.

सूची_दोन

हे जुळले तर फारच छान! पण आधी कागदातली चतुःसीमा आजच्या घराशी जुळवा. पूर्वेस अमक्याचे घर, दक्षिणेस बोळ, हे जुळल्याशिवाय तो कागद याच जागेचा आहे असे धरू नका. ट्रंकेतला कागद दुसऱ्या घराचाही असू शकतो, कुटुंबे घरे बदलताना कागद बरोबर नेत.

मोडीवाचक

हो. आणि चतुःसीमा जुळली तर पुणे पुरालेखागारात जा. पेशवाईत शहरातल्या घर-जागेच्या खरेदी-विक्रीवर कोतवालाची देखरेख असे, शहरात येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंदही त्याच्याकडे. पेशवे दप्तरात त्या काळचे रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) आहेत. 'माझ्या घराचा कागद द्या' असे म्हणून काही मिळत नाही. साल, पेठ आणि विकणाऱ्याचे नाव हातात घेऊन जा. भारत इतिहास संशोधक मंडळातही चौकशी करा, घराण्यांची खासगी दप्तरे तिथे आहेत.

गोदाकाठ

कागदात कुटुंबाचे नाव आणि मूळ गाव मिळाले तर त्र्यंबकेश्वर किंवा नाशिकच्या तीर्थोपाध्यांच्या वह्या विसरू नका. आलेल्या यजमानाचे नाव, वडील-आजोबा, भाऊ, मुले, गाव आणि सही. वह्या गाव आणि आडनावावर लावलेल्या असतात. पुण्यात स्थायिक झालेल्यांची नोंद बऱ्याचदा मूळ गावाखालीच असते, पुणे म्हणून शोधू नका. बायकांची नावे जिथे थोडीफार मिळतात अशा मोजक्या जागांपैकी ही एक.

आळीकर

नदीकाठच्या पेठांतल्यांसाठी: १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात घरेही गेली आणि ट्रंकाही. तुमच्याकडचा कागद गेला असला तरी नोंदणी कार्यालयातली प्रत वेगळी असते, शोधून बघा.

परसदार

चतुःसीमेत 'उत्तरेस हौद' आहे. आज उत्तरेला एका इमारतीचे पार्किंग.

भाडेपावती

मग हा मोठाच धागा! कात्रजच्या नळाचे (तलावातून शहरात पाणी आणणाऱ्या जुन्या भुयारी नळाचे) पाणी पेठांतल्या हौदांना येत असे, आणि नळ नानासाहेब पेशव्यांच्या काळातला, म्हणजे तुमच्या कागदाच्या आधीचा. १८८५ च्या पुणे गॅझेटियरमध्ये शहराच्या पाण्याची आणि हौदांची माहिती आहे. जुन्या शीटच्या नकाशावर उत्तरेच्या सि.स. नंबरात हौदाची खूण आहे का बघा. त्या शेजारच्या मिळकतीची चौकशी नोंदवहीही काढा. हौदाच्या पाण्यावरून किंवा वाटेवरून तक्रार झाली असेल तर जबाब देणाऱ्यांत तुमच्या घरातले त्या वेळचे रहिवासी सापडतील, मालक असोत वा भाडेकरू.

कडीपाट

आणि पाडकामाच्या कंत्राटदाराला आजच सांगून ठेवा, उत्तरेच्या भिंतीखालचा पाया उकरताना खापराचा नळ किंवा दगडी पन्हळ लागली तर थांबायचे. आधी फोटो, शेजारी फूटपट्टी ठेवून, आणि जोत्याच्या वरच्या कडेपासून खोलीचे माप. मगच पुढचा घाव.